सोमाजी मामांच्या नावाची सुबाभूळ

रविवार, दिनांक ११ जानेवारी २०२६, सकाळी सात वाजून वीस मिनिटे. सुबाभळीच्या बनात एका बुंध्याजवळ मोजायची टेप घेऊन बसलो आहे.

आदरणीय सोमाजी मामाजींना भाचा संघपालचा सविनय जयभीम. मामीजींनाही सांगावा. इकडे सर्व ठीक. आपले गुडघे कसे आहेत? विशेषतः काल सकाळी सव्वादहापासून काही फरक जाणवला असल्यास वेळेसह कळवावे. (फोन करणार होतो, पण फोनवर तुम्ही मध्येच बोलता.)

आमच्या गटाने गावच्या पडीक जागेवर सुबाभूळ लावली, हे आपणास माहीत आहेच. चार वर्षांनी ती कापायची, चामोर्शीकडचा एक कारखाना तिच्या इंधन-कांड्या करतो, त्या कोळशाऐवजी जळतात (आपली हयात राजुऱ्याला कोळशाच्या खाणीत गेली, राग मानू नये), आणि बुंध्याला पुन्हा फुटवे येतात. पहिल्या खेपेची चारशे रोपे होती. पैकी तीनशे एक्याण्णव शेळ्यांनी खाल्ली. म्हणून दुसऱ्या खेपेला मी प्रत्येक रोपाला पत्र्याची पाटी बांधून त्यावर त्या-त्या घरच्या मयत वडीलधाऱ्यांचे नाव लिहिले. (कल्पना माझी. इतिवृत्तात नोंद आहे.) स्वतःच्या आजोबाला शेळीला कोण खाऊ देईल? आमचे अध्यक्ष केवळरामभाऊ यांच्याच तीस शेळ्या, पण ते मे महिन्यात वडिलांना घागरीने पाणी घालत आणि गावची खबरबातही सांगत. चारशेपैकी तीनशे अठ्ठ्याण्णव जगली. लांबून माणसे पाहायला आली.

ही झाडे शेवटी कापायची आहेत, एवढेच माझ्या ध्यानात राहिले नाही.

दहा तारखेला कारखान्याची गाडी ठरली आणि नऊ तारखेच्या सभेत कापायला कोणीच तयार होईना. झाड गुडघ्याएवढ्या उंचीवर कापले की आठ-आठ फुटवे येतात, हे मी लागवडीच्या पुस्तिकेतून दोनदा वाचून दाखवले. केवळरामभाऊ म्हणाले, "मंग माह्या बापाले गुडघ्यातून कापू म्हणतं काय?" याचे उत्तर पुस्तिकेत नाही. एकट्या गुणाबाई राजी होत्या. "माह्या सासूले आधी काप," म्हणाल्या. पण त्यांचे यजमान धनराजभाऊ सभेतून उठून आईच्या झाडाला टेकून बसले, ते जेवायलाही घरी गेले नाहीत. गाडी रिकामी गेली तर कारखानदार पुन्हा पाठवणार नाही, आणि चाळीस घरांची चार वर्षांची मेहनत उभीच राहील.

तेव्हा कोणाला तरी आठवले की आमच्या वाट्याच्या एका झाडावर मी आदरापोटी आपले नाव लिहिले आहे. जिवंत माणसाचे ते एकच.

"तुहा मामा तं जित्ता हाय," केवळरामभाऊ म्हणाले. "त्याले काप. काई झालं नाई तं आमी पाहू."

ठराव एकमताने झाला. गटाच्या इतिहासात हा पहिलाच. तरी आपले झाड कापण्यास लेखी परवानगी द्यावी, ही नम्र विनंती.

आपला भाचा,
संघपाल

ता. क. परवानगीवर ९ जानेवारी ही तारीख टाकावी. गाडी काल सव्वादहाला आली होती.

ता. क. गाडी आपले एकच झाड घेऊन गेली. शेवटची गाडी १८ तारखेला आहे. आपण १७ ला यावे आणि थांब्यापासून बनापर्यंत सर्वांच्या देखत चालत जावे. एसटीचे भाडे गट देईल.

ता. क. मामाजींचे गुडघे कधी दुखलेच नाहीत, असे मी सभेत सांगून बसलो आहे. काठी आणू नये.