भिंतीची बाहेरची बाजू

मी खाली सही करणारा, धंद्याने पेंटर, पूर्ण शुद्धीवर राहून आणि स्वखुशीने हे मृत्युपत्र लिहीत आहे. यकृताने हात टेकले असले तरी डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणायला कारखान्याचे साहेब येऊन गेले, पण ते हात हलवत परत गेले.

१. ओढ्याकाठचं माझं राहतं घर आणि त्याची रस्त्याकडची लांब भिंत ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. कारखाना ओढ्यात काय सोडतो ते लोकांच्या डोळ्यांसमोर यावं म्हणून त्या भिंतीवर आमच्या गल्लीने मिळून चित्र काढलं. पहिल्या खेपेला आम्ही सगळ्यांनी माती खाल्ली. मेलेले मासे इतके सुबक आणि फेस इतका चकचकीत झाला, की नवी जोडपी समोर उभी राहून फोटो काढू लागली. कारखान्याने तर तेच चित्र आपल्या कॅलेंडरवर छापलं. माझी बायको तेव्हा अंथरुणाला खिळली होती. जन्मभर तिने याच ओढ्यावर धुणं धुतलं. कॅलेंडर बघून ती म्हणाली, "तुम्ही विषाला नटवलंत." त्याच महिन्यात ती गेली. मला अजून ते सोसत नाही.

पुढच्या वर्षापासून आम्ही रंग ओढ्याच्याच पाण्यात कालवू लागलो. रंग धरत नाही, पोपडे सुटतात, हिरवे डाग फुटतात, वास मारतो. दरवर्षी गल्लीतल्या बाया भिंत खरवडतात आणि पुन्हा त्याच पाण्याने रंगवतात. पाणी जेवढं वाईट, तेवढी भिंत वाईट. आता येणारे-जाणारे नाक दाबून विचारतात, हे असं का झालं? त्यांनी विचारावं एवढंच आम्हाला हवं होतं.

२. सदर घर भिंतीसह मी माझ्या मुलीला देत आहे. अट एकच: भिंतीला चुना किंवा टिकाऊ रंग लावू नये, कारखान्याने फुकट दिला तरी. पाणी सुधारलं तर रंग आपोआप टिकेल. मग खुशाल गुलाब काढा.

३. शिडी, ब्रश आणि डबे शेजारच्या शिंपीणबाईंना द्यावेत. त्यांचा हात थरथरतो, पण रंग कालवताना त्या तोंड फिरवत नाहीत. समोरच्या किराणावाल्याने गिऱ्हाईक पळतं म्हणून भिंतीविरुद्ध तक्रार केली होती. त्याला माझी घडीची खुर्ची द्यावी, भिंतीकडे पाठ करून बसायला.

४. मुलाला मी काहीही देत नाही. तो त्याच कारखान्यात कामाला आहे. आईचं सगळं आटोपलं न आटोपलं तोच, भिंतीला चुना फासा नाहीतर माझी नोकरी जाईल, असं म्हणाला. तेव्हापासून आमचा अबोला होता. घर त्याला दिलं तर साहेब त्याच्या मानगुटीवर बसून भिंत पाडून घेतील. वकीलबाई म्हणाल्या, पण तो कोर्टात गेला तर सगळं लटकेल. त्यानेच साक्षीदार म्हणून सही केली तर बरं. ज्याला काही मिळत नाही, त्याला साक्षीदार होता येतं म्हणे. मी नाक मुठीत धरून निरोप धाडला.

तो आज आला. त्याने वरचं सगळं वाचलं. मग म्हणाला, "बाबा, ओढ्यात घाण पाणी सोडायची कारखान्याची झडप मीच उघडतो. आई खाली धुणं धूत असायची, तेव्हाही मीच उघडायचो."

मी त्याला शिव्या घालणार होतो. पण कागद त्याच्यापुढे सरकवला. वकीलबाईंनी पेन पुढे केलं.

हे माझं पहिलं आणि अखेरचं मृत्युपत्र असून ते वाचून, समजून मी त्यावर सही केली आहे.

ठिकाण: राहतं घर, ओढ्याकडची खोली
दिनांक: ४ मार्च

(सही) पेंटर

साक्षीदार:

१. (सही) गल्लीतले डॉक्टर

२. (सही) पेंटरचा मुलगा. काम: कारखान्याच्या सांडपाण्याची झडप. पाणी शुद्ध न करता ओढ्यात सोडलं जातं. ते मी स्वतः सोडतो आणि हे स्वतःच्या हाताने लिहून देत आहे.