पाठीवरचं बिऱ्हाड

६ एप्रिल १९५४
पोहोचलो एकदाचा! इकडं दक्षिणेला एप्रिल म्हणजे थंडीची सुरुवात. वर बर्फाचे डोंगर, खाली दगडगोट्यांची नदी, मधे आमची पत्र्याची झोपडी. आधीच्या नोकरीत बोटीवर यायचा त्या मासळीच्या वासापेक्षा इथली चावरी चिलटं परवडली. हरणं मारून कातडी खाली पोचवायची, एवढंच काम.

जोडीदार क्लॅरी म्हातारा आहे, पण चढाला मला मागं टाकतो. आल्या आल्या त्यानं माझी सॅक जमिनीवर उपडी केली. आरसा, केसांचं तेल, दुसरी विजार सगळं बाजूला काढलं. म्हणाला, लग्नाला आलायस का रे, नोपेरा? मग स्वतः भरून दिली. पीठ, मीठ, चहा, दोर, सुरी, काडतुसं, चहाचं काळं डबडं. एक लोकरी सदरा, काय वाटेल ते झालं तरी भिजू द्यायचा नाही. आणि काड्यांची डबी, झाकणावर मेण ओतलेली. म्हणाला, बंदूक विसरलास तर उपाशी राहशील, ही विसरलीस तर मरशील.

११ एप्रिल
मजा आहे. नर माजावर आलेत, डोंगर दणाणून सोडतात.

क्लॅरी कातडी घेऊन पुढं गेला. जाताना बजावलं, लाकूड फोडून कोपरा भरून मगच निघ. इथली रीतच आहे. झोपडीला कुलूप नसतं, नाव कुणी विचारत नाही, पण आपण जाळलं तेवढं सुकं लाकूड पुढच्यासाठी ठेवायचं. कुऱ्हाड घेऊन निघालोही होतो. तेवढ्यात मागच्या रानात नर डरकला. बंदूक घेऊन त्याच्यामागं दिवसभर पळालो, आणि पाडला! काय शिंगं! कुऱ्हाड कुठं टाकली ते आठवेना.

खालच्या मुक्कामावर क्लॅरीनं विचारलं, भरलंस का. म्हटलं, काठोकाठ.

१८ एप्रिल
पावसानं अडकलो होतो. आज झोपडीत परतलो.

झोपायच्या फळीवर माणूस होता. मेलेला. गुडघे पोटाशी. जमिनीवर एक ओला ओंडका, त्यात मोडलेल्या सुरीचं पातं, भोवती जळक्या काड्यांचा सडा. ओंडका नुसता काळवंडलेला. त्याच्या बोटांची नखं उचकटली होती, लाकडात सालीच्या खाली घुसलेली.

क्लॅरीनं ओळखला. वरच्या खोऱ्यातला शिकारी, लेनी हाग्लुंड. सामान नदीनं नेलं असणार, म्हणाला. मग रिकाम्या कोपऱ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाला, हे दोघं भाऊ कधी वेगळे चालत नाहीत. ऑस्कर कुठाय?

१९ एप्रिल
लेनीला पुरलं. मी पाणी भरायला वाकलो आणि हातातलं डबडं उडालं. मागून बार ऐकू आला.

पलीकडच्या काठावरनं ऑस्कर ओरडला, रिकामा कोपरा बघून गेलोय मी, लाकूड कुणी जाळलं?

मी दगडाआड पडलो होतो. डोकं गोट्यांत खुपसलं. क्लॅरी उभा राहिला, दोन्ही हात वर करून. म्हणाला, मीच रे, ऑस्कर. माझीच चूक. ये, चहा पिऊ.

गोळी जबड्यात लागली. खालचा जबडा गळ्यावर लोंबला. तो माझ्याकडं बघत बसला, काहीतरी सांगायला बघत होता, जीभ नुसतीच हलत होती. दुसऱ्या गोळीनं ते थांबलं. माझ्या तोंडावर गरम काहीतरी उडालं.

मग ऑस्कर म्हणाला, अगदी सावकाश, म्हातारा लाकूड कधी विसरला नाही. मला माहीताय, पोरा. आता तूही एकटा.

२० एप्रिल
पहाटे सॅक घेऊन पळालो. ऑस्कर रात्रीतच या काठावर आला होता. पहिली गोळी बंदुकीच्या दस्त्यावर. बंदूक नदीत. दुसरी सॅकच्या पट्ट्यावर. सॅक पाण्यात पडली, ओढून काढली. तिसरी —

सॅकमधनं काठावर घरंगळलेली काड्यांची डबी. आरपार. आत चिखल.

त्याचा नेम चुकत नाही. मला मारायचंच नाही त्याला. एकेक वस्तू काढून घेतोय. लोकरी सदरा पिळला, तसाच अंगावर घातला.

नदी चढलीय. परत झोपडीतच आलो. क्लॅरीची सॅक नि बंदूक त्यानं आधीच नेलेली. दुसरी जागा नाही.

२१
बर्फ. दात थांबत नाहीत. ओंडका आहे. काडी नाही, सुरी नदीत गेली, तरी दातांनी सोलून बघितला. दोन दात —

कुऱ्हाडीचा आवाज. बाहेर कुणीतरी लाकूड फोडतंय. माझीच कुऱ्हाड. सापडली त्याला.

दारासमोर जाळ केलाय त्यानं. मोठा. चहाचा वास येतोय. बंदूक मांडीवर. भावाची टोपी घातलीय.

आता थंडी वाजत नाही. क्लॅरी म्हणायचा, थंडी वाजायची थांबली की —

हाक मारतोय. प्रेमानं. ये रे पोरा, शेकून घे. लेनीची जागा मोकळीय बघ.

गेलो तर गोळी. ठाऊक आहे. पण जाळ किती जवळ — हात पुढं केले तर — उठतोय, पाय — उठलो. दार —