माझ्या घरचा चुकवलेला चहा

प्रिय अक्का,

काल दुपारी महादेवीच्या दारात उभी राहून मी एक गोष्ट बोलून आले. खरं तर ती आधी तुम्हाला सांगायला हवी होती. तुम्ही दवाखान्यात विचारलीही होतीत आणि मी तुमच्यावरच उखडले होते! आता तुम्हाला जाऊन आठ महिने झाले. सांगू कुणाला? म्हणून कागद घेऊन बसले आहे. तुम्ही मास्तरीणबाई, तेवढं शुद्धलेखन तपासू नका म्हणजे झालं.

पहिल्या सोमवारचा चहा तुम्ही सुरू केलात तेव्हा मी हसले होते. म्हटलं, मोठ्या जाऊबाई रिटायर झाल्या, आता अख्ख्या भालकीला चहा पाजत सुटणार. आणि तुमचा चहा म्हणजे चहा कुठे होता हो? नुसता पाक! तुमचे दीर अजूनही माझ्या चहाला नावं ठेवतात आणि वर म्हणतात, "अक्काच्या हातचा प्यायला की दिवसभर जीभ गोड राहायची."

पण तुमची पद्धत मात्र भारी होती. दर महिन्याला वेगळं घर. दूध एकीनं आणायचं, साखर दुसरीनं, चुरमुऱ्यांच्या सुसल्याचं पातेलं तिसरीनं. घरच्या बाईनं फक्त कप मांडायचे. चहा झाला की जिनं तिनं आपला कप आत नेऊन विसळायचा आणि ओट्यावरच्या डब्यात बिननावाचं पाकीट टाकायचं. त्या घरात अडचण असेल तर पाकिटं त्या घराची. नसेल तर दुसऱ्या दिवशी ती तुमच्याकडे यायची आणि आपल्या महिला मंडळाच्या कामाला लागायची. कुणाच्या घरात राहिली आणि कुणाच्या घरून आली, ते तुमच्याशिवाय कुणाला कळायचं नाही. म्हणूनच महादेवी दोन वर्षं ताठ मानेनं येत राहिली. तिच्या नवऱ्याला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला बिदरला न्यावं लागतं, हे सगळ्यांना माहीत होतं. पण तिच्या घरी चहाला गेलं की ती यजमानीण आणि आपण पाहुण्या! काय रुबाबात वाढायची ती!

अक्का, तुम्ही दवाखान्यात माझा हात धरून काय म्हणालात, ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. "सुमन, पुढचा चहा तुझ्या घरी लाव."

"माझ्या घरी? आम्हाला काय धाड भरलीय?"

"कामून चिडायलीस? संतोष घरीच हाय की तीन महिन्यांपासून. सून न्हाई, लेकरू न्हाई. मला दिसंना का?"

"तो घरून काम करायलाय!"

"बरं बाई," म्हणालात आणि डोळे मिटून घेतलेत. मी पर्स उचलून निघून आले. चौथ्या दिवशी तुम्ही गेलात. तुमचं माझं शेवटचं बोलणं ते. अशी कशी मी निघून आले हो?

तुम्हाला सगळं दिसत होतं. संतोषची पुण्याची नोकरी गेली होती. घराचे हप्ते थकले, मग दोघांत रोजची भांडणं, मग सून लेकराला घेऊन माहेरी उदगीरला गेली. माझा तिशीतला मुलगा दिवसभर आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडायचा. अजूनही पडतो. दाराची कडी वाजली की आतून खोली लावून घेतो. आणि मी बाहेर येऊन हसत सांगायची, "मीटिंग चालू हाय त्याची." झाकली मूठ सव्वा लाखाची! पण ती मूठ आवळून आवळून माझाच हात दुखून आला, अक्का.

तुमच्या मागे बायकांनी मंडळ माझ्याकडे दिलं. तुमच्या वहीत चहाचं पुढचं घर लिहिलेलं होतं. माझं. तुमच्याच वळणदार अक्षरात. मी ते पान उलटून टाकलं.

बायकांना म्हटलं, "किती दिवस असं लपूनछपून करायचं? आता मंगल कार्यालयात घेऊ. बॅनर लावू, चार मोठी माणसं बोलवू." सगळ्यांना वाटलं, सुमनवैनीला काय उत्साह! मला फक्त एवढंच हवं होतं की चाळीस बायका माझ्या घरात येऊ नयेत, कप विसळायला आत जाऊ नयेत, त्या बंद खोलीपुढून जाऊ नयेत. हे आज पहिल्यांदा लिहितेय.

आणि मी काय केलं ठाऊक आहे? महादेवीचा सत्कार! माईकवरून तिचं नाव पुकारलं. खांद्यावर शाल, हातात नारळ, वर पाकीट. मागे बॅनर, 'गरजू कुटुंबास मदतीचा हात'. फोटो काढला आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली किती जोडलेले हात आले! मी एकेक बघत बसले होते. लाज कशी वाटली नाही मला?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली. शालीची घडी, वर पाकीट, वर नारळ. पायरीवर ठेवलं.

"वैनी, अक्का होत्या तोवर आमच्या घरी लोक चहाला येत होते. काल तुम्ही मला बोलवून भीक घातलाव."

मी "अगं, तसं न्हाई गं" म्हणेपर्यंत ती गल्लीच्या टोकाला पोचली होती.

एवढ्यावरच थांबलं असतं तर मी पाया पडून निभावलं असतं. पण तो फोटो फिरत फिरत बिदरला गेला. डायलिसिसच्या खोलीत शेजारच्या खाटेवरच्या माणसानं तिच्या नवऱ्यापुढे मोबाईल धरला, "ह्या तुमच्या मंडळीच न्हवं का?" त्या दिवसापासून तो माणूस हट्टाला पेटलाय. लोकांच्या पैशावर जगायचं नाही म्हणतो. आठवड्यातून एकदाच जातो. पायावर सूज आलीय, जिना चढताना धाप लागते. डॉक्टर रागावले, महादेवी रडली, पण तो ऐकत नाही. अक्का, त्याला काही झालं तर? तुम्ही असतात तर मला काय म्हणाला असतात? की काहीच म्हणाला नसतात? त्याचीच मला जास्त भीती वाटते.

मी तीनदा गेले तिच्याकडे. जन्मभर माझ्याशी मराठीत बोलणारी बाई दारात उभी राहून कन्नडात विचारायची, काय काम होतं म्हणून. वीजबिलवाल्याशी बोलावं तसं.

काल चौथ्यांदा गेले. माफी मागायला तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं. म्हटलं, "महादेवी, चहा माझ्या घरी होता. अक्कानं लिहून ठेवलं होतं. संतोषची नोकरी गेलीय, सून निघून गेलीय, पोरगं जेवत न्हाई, बोलत न्हाई. ते कुणाला दिसू ने म्हणून मी तुला स्टेजवर उभं केलं."

तिच्या हातात अर्धवट शिवलेलं ब्लाऊज होतं, त्यातली टाचणी काढून तिनं पदराला टोचली.

"कधीपासून?" तिनं विचारलं. मराठीत.

"वरीस व्हायला आलं."

"आणि एकटीच बसलाव व्हय उरावर घेऊन?"

मला रडू फुटलं. आत या म्हणाली नाही ती. मी सोमवारचं बोलावणं दिलं. "बघू," म्हणाली. "ह्यांची तब्येत बघून."

तुम्ही नेहमी म्हणायचात, घरोघरी मातीच्या चुली. मला वाटायचं, ते दुसऱ्यांच्या घराबद्दल आहे.

आज सकाळी बायकांना कळवून टाकलं, सोमवारी चहा माझ्याकडे. कार्यालय नाही, बॅनर नाही, फोटो नाही. संतोषलाही सांगितलं. तो म्हणाला, "मी बाहेर येणार न्हाई." म्हटलं, "नको येऊ. पण मी सांगणार हाय." त्यानं कूस बदलली. पुढे काय होईल, मला ठाऊक नाही. त्या दोघांचं बिदरला जाणं पुन्हा दोनदा सुरू होईल का, तेही ठाऊक नाही. माझ्या एका दुपारच्या रडण्यानं केलेलं निस्तरत नाही, एवढं कळतं मला.

पण एक वचन देते, अक्का. सोमवारी मी कुणालाही मीटिंग चालू आहे म्हणून सांगणार नाही. आणि महादेवी आली, आत जाऊन कप विसळून तिनं माझ्यासाठी पाकीट टाकलं, तर त्यात दहा रुपये असोत, मी ते परत करणार नाही. तिच्या हातचं मी घेईन.

तुमचं न ऐकलेली,
तुमची धाकटी जाऊ
सुमन