सतरा नंबरची फाईल

प्रिय कॅप्टन,

अजून लेफ्टनंटच आहेस, ठाऊक आहे. तरी मी हेच म्हणणार.

सगळं बिघडलं ते मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीत मी डिंकाची बाटली उघडली तेव्हा. तू सैन्यात गेलीस म्हणून मी दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं आणि सैन्याच्याच या बढती विभागात कारकून झालो, त्यावरून तू मला यथेच्छ झापलंच आहेस. यंदाचा नियम मात्र तुला माहीत नसेल. समितीपुढे फक्त नंबर जायचा. नाव नाही, फोटो नाही. अहवालातल्या 'तो'-'ती'वरसुद्धा आम्ही कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. हेडक्लार्क कुरकुरले, "म्हणजे मुलगी न बघताच लग्न लावायचं म्हणा की!"

पहिल्या वाचनात सतरा नंबर दुसरा आला. शेरा होता, 'ठाम, निर्णयक्षम नेतृत्व.' सतरा म्हणजे तू! माझा आनंद गगनात मावेना. दोन दिवसांनी दुसरं वाचन होतं. वाटलं, चेहरा दिसला तर पहिलाच नंबर देतील. तुझा गणवेशातला फोटो माझ्या पाकिटात असतो, तो मी डिंकाने आतल्या पानावर चिकटवला. तो बघून माझं जे होतं तेच सगळ्यांचं होत असणार, असं धरून चाललो. गाढवच मी.

दुसऱ्या वाचनात सतरा नंबर अकरावा. जागा सहा. तीच फाईल, तीच पाच माणसं, आणि शेरा काय, तर 'हेकट. जवानांना हिचा हुकूम पचणार नाही.' फोटोशेजारी कुणीतरी पेन्सिलीने लिहिलंय, 'यांच्यातली एक गेल्या वर्षी घेतली की.' बाई म्हणून यांच्यातली, की आपल्या काळ्या कातडीमुळे, ते लिहायचीही तसदी घेतलेली नाही. माझं टाळकंच फिरलं. फाईल हेडक्लार्कांपुढे आपटली, तर म्हणतात, "फोटो सोलून काढ आणि गप्प बस, लेका. नोकरी जाईल."

अपिलाची मुदत आज संध्याकाळपर्यंत आहे. दोन्ही शेऱ्यांच्या प्रती सोबत ठेवल्यात. मधे बदललं ते एवढंच, की मी नियम मोडून फोटो लावला. हे मी सांगितल्याशिवाय कुणी मानणार नाही, म्हणून चौकशी अधिकाऱ्यांकडे जबाब द्यायला निघालोय. तुझा घात माझ्या हातून झाला, हे तुला तिथल्या टाइप केलेल्या कागदावरून कळू नये, म्हणून आधी हे पत्र. माझं तोंड बघू नकोस हवं तर, पण अपील कर. पत्र आत्ताच तुझ्याकडे पोचवायला शिपायाच्या हाती देतो, फाईल काखेत मारतो आणि या खोलीचं दार बाहेरून ओढून घेतो.

हाकललंस तरी तुझाच