रेडिओवरचं रीळ

फ्लिंट, मिशिगन
१२ मे १९९६

ती. एल्साताईस,
आर्नीचा सा. न. वि. वि.

हे पत्र बाबांसमोर वाचू नकोस. त्यांना दिसत नाही हे मलाही माहीत आहे, पण तू वाचताना पुटपुटतेस, आणि म्हाताऱ्याचे कान अजून सशाचे आहेत. आधी दार लावून घे.

बेत असा आहे. सप्टेंबरात बाबा पंचाहत्तरचे होतील. त्या दिवशी माझ्याकडे असलेली त्यांची पिवळी गाडी मी तुमच्या अंगणात आणून उभी करणार आणि हातात जुन्या गाड्यांच्या क्लबचा दाखला ठेवणार, की एकोणसत्तर साली कारखान्यातून निघाली तशीच्या तशी ही गाडी आहे, एकूण एक भाग अस्सल. भेटेल त्याला ते हेच सांगायचे ना? माझी गाडी अस्सल, कारखान्यात मीच तिची दारं बसवली. सिग्नल सुटला की सगळ्यांच्या पुढे पळणारी ती गाडी आणि मागे आपण दोघं जीव मुठीत धरून बसलेलो. डोळे गेल्यावर त्यांना द्यायला माझ्याकडे दुसरं आहे तरी काय?

तपासायला क्लबाकडून मर्विन नावाचे गृहस्थ येतात. छोटा आरसा, विजेरी, गुडघ्याखाली उशी, असा सगळा थाट. इंजिनावर ठोकलेला नंबर गाडीच्या नंबराशी जुळला तेव्हा, ताई, मी लहान पोरासारखा रडलो गं. पण पुढे सगळा आनंदच. कार्बुरेटरवर एकाहत्तर सालचा शिक्का, म्हणजे गाडीच्या जन्मानंतर ओतलेला. डावं दार भंगारातलं. सीटची कव्हरं भलतीच. आणि रेडिओवर आईचं ते दोऱ्याचं लाकडी रीळ! बटण हरवलं म्हणून बाईने शिवणाच्या डब्यातलं रीळ कापून बसवलं, ते शेवटपर्यंत तसंच. मला शाळेत सोडायला आली की पोरं फिदीफिदी हसायची. मर्विननी ते बघून कपाळाला हात लावला.

मी आता एकेक भाग शोधायला लागलोय. बाबांना अवाक्षर कळता कामा नये.

तुझ्या मायेतला माझा वाटा राखून ठेव.
तुझा
आर्नी

हॅन्कॉक
९ जून १९९६

चि. आर्नीस,
एल्साताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. दार लावून वाचलं, ओठ मिटून वाचलं. रिळाचं वाचून मात्र हसू फुटलं, तर बाबांनी बाहेरून विचारलंच, कोण मेलं म्हणून एवढी खिदळतेस.

आता खरं सांगते. त्यांची तब्येत बरी नाही. पाय सुजलेत, मूत्रपिंडं थकली आहेत. डॉक्टर म्हणतात पानगळ बघतील, बर्फाचं सांगता येत नाही. शनिवारी सौनात बसून वाफ घेणं मात्र सोडत नाहीत. मी धरून नेते, धरून आणते, आणि वाटेत शिव्या खाते. पास्टी केली की आतलं मांस टोकरतात आणि कड ताटात ठेवतात. आई असती तर ओरडली असती.

सारखं एकच चाललंय. गाडी आण म्हणावं आर्नीला. चालवायची नाही, मला नुसतं बसायचंय. मी म्हणते, दुरुस्तीला आहे. ते म्हणतात, तीन वर्षं दुरुस्तीला काय ते विमान आहे? तूच माझं तोंड शिवून ठेवलंस.

दाखल्याचं राहू दे रे. आहे तशी घेऊन ये.

जीव लावला आहेस तसाच लावत राहा.
तुझी
ताई

फ्लिंट
२० जुलै १९९६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आहे तशी कशी आणू? इंजिन दोरखंडाला टांगलेलं आहे आणि डावं दार भिंतीला टेकून उभं आहे. तू लिहिलंस ते वाचून रात्री जागून काम करतोय, पण अर्धं काम टाकून आणलेली गाडी बाबा हात लावताक्षणी ओळखतील आणि म्हणतील, पोरगं सगळं अर्धवटच करतं. लहानपणापासून हेच ऐकत आलोय.

पण काम मार्गी लागलं. बरोबर तारखेचा कार्बुरेटर इंडियानात मिळाला. सीटचं कापड मिळालं. रेडिओचं मूळ बटण ओहायोतल्या एका कंजूस माणसाकडे होतं, त्याने ते असं दिलं, जणू मुलगीच देतोय. मर्विननी सगळ्यावर मान डोलावली. जुनं सगळं, कव्हरं, बटणं, किडूकमिडूक, पेटीत भरून कचऱ्याच्या गाडीत दिलं. गॅरेज कसं आरशासारखं लख्ख झालंय. ऑगस्टअखेर दाखला, की निघालोच.

तेवढं त्यांना सांभाळ.
तुझा
आर्नी

हॅन्कॉक
२२ जुलै १९९६

चि. आर्नीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र यायचंय, पण हे थांबण्यासारखं नाही.

काल बाबा रडले. आईला पुरताना डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं त्या माणसाने, आर्नी. मी कॉफी घेऊन गेले, तर म्हणाले, आयलीचा, तुमच्या आईचा, चेहरा आठवेना. नाक आठवलं तर डोळे जातात, डोळे आठवले तर हसू जातं. म्हणून त्यांना गाडी हवी आहे. रेडिओवर तिने बसवलेलं ते रीळ हवं आहे. तिच्या अंगठ्याने झिजून गुळगुळीत झालंय, त्यावर अंगठा ठेवला की ती शेजारी येऊन बसते, असं म्हणाले. माझ्याशी नाही, भिंतीशी बोलत होते.

आणि मी मेली जूनमध्ये त्या रिळावर हसले!

बाकी गाडीला काय अस्सल लावायचं ते लाव. रीळ तेवढं तळहातावर जपून आण.

पत्र मिळताच फोन कर.
तुझी
ताई

फ्लिंट
३० जुलै १९९६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर मला बोलता आलं नाही, म्हणून लिहितो. तू नुसती हॅलो हॅलो करत होतीस आणि मी रिसीव्हर ठेवून दिला. माफ कर.

कचरा डेपोवर जाऊन आलो. तिथल्या माणसाने विचारलं, काय हरवलं. मी म्हटलं, दोऱ्याचं रीळ. त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग त्या डोंगराकडे, आणि चहाचा थर्मास पुढे केला. तीन दिवस उकरलं. बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय.

तेरा वर्षं ती गाडी माझ्याकडे होती, आणि त्या गाडीतली एकच वस्तू जगात दुसरी मिळणार नव्हती. ती मी माझ्या हाताने टाकली. का, तर तिच्यावर नंबर नव्हता.

आता ऐक. शिवणाच्या जुन्या सामानातून तसंच लाकडी रीळ आणलंय. तसंच कापलं, पॉलिश कागदाने घासलं, तेलाचा हात फिरवला, खिशात ठेवून दिवसभर चोळतोय. ते बसवायला ओहायोवालं बटण काढलं, तर मर्विन म्हणाले, मग दाखला विसरा. विसरलो. इंजिन आणि दार जागेवर बसलं की रविवारी पूल ओलांडून येतोय. हे तेच रीळ आहे असं आपण म्हणायचं. तू ऐनवेळी गप्प राहा, एवढंच मागतो.

तुझा
आर्नी

हॅन्कॉक
१४ ऑगस्ट १९९६

चि. आर्नीस,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

मी सांगतोय, एल्सा लिहितेय. मध्ये स्वतःचं घुसडू नकोस असा तिला दम दिलाय.

तू बसने नीट पोचलास हे कळलं. गाडी इथे ठेवून गेलास, बरं केलंस. इंजिनाचा आवाज ऐकून शेजारचा म्हातारा अर्धी दाढी करून धावत आला, फेस तसाच तोंडावर. डावं दार आता रडत नाही. सीटला नव्या कापडाचा वास आहे, जाईल हळूहळू. काम चोख केलंस. कधी म्हटलं नाही, आता म्हणतो. बापाला फार बोलता येत नाही, हे तुला ठाऊक आहे.

रीळ मिळालं. तुझ्या आईला रस्त्यात अंधारात रेडिओचा काटा दिसायचा नाही, म्हणून मी त्याच्या कडेला चाकूने एक खाच पाडून दिली होती. खाच वर आली की तिचं फिनलंडच्या गाण्यांचं स्टेशन. ती खाच तेवढी बोटाला लागली नाही. झिजली असेल. एवढी वर्षं तिचा अंगठा फिरला, लाकूड किती टिकणार.

तू मनाला लावून घेऊ नकोस. त्या मर्विनला सांग, दाखला नको. मी तपासली. अस्सल आहे.

थंडी पडायच्या आत एकदा येऊन जा. माझा जीव तुझ्यावर आहे.
तुझा
बाबा

ता. क. – आर्नी, त्यांनी सांगितलं ते मी शब्दाला शब्द उतरवलं. खाचेचं मला माहीत नव्हतं रे, आईशप्पथ. मला काय करावं ते कळत नाही. रोज सकाळी नाश्ता झाला की गाडीत नेऊन बसव म्हणतात. बसवते. अंगठा रिळावर ठेवून फिरवत राहतात, गोल, परत गोल. काल मी विचारलं, बाबा, रेडिओ सुरू करू का? तर म्हणाले, थांब जरा, तिचं स्टेशन सापडू दे.