ओला प्लग

बुधवार, दुपार

ती. बाबांना सा. न.

नाही, मी किक चुकीची मारत नाही! आणि आईमार्फत टोमणे पाठवू नका. ती कंटाळली. म्हणते, एका घरात राहून बोलायचं नसेल तर लिहा. म्हणून हे पत्र, तुमच्या कपाखाली.

मी ऑफिस सोडून दवाखान्यांतून रक्ताचे नमुने लॅबला पोचवायचं काम धरलं म्हणून तुम्ही अबोला धरलात. धरा. पण तुमची ही जुनी मोटरसायकल सोमवारी कशीबशी चालू झाली, आणि काल-आज तीस-तीस किक मारेपर्यंत ढिम्म. दोन्ही दिवस उशीर. हा आठवडा चाचणीचा आहे. तिसरा उशीर झाला की घरी बस, असं मॅनेजरबाई हसत म्हणाल्या. हसत म्हटलं की जास्त भीती वाटते.

चाळीस वर्षं गॅरेज चालवलंत. रागारागात का होईना, काय बघू ते सांगा.

लोभ नसला तरी उत्तर असावं.
तुमची भुंगा

बुधवार, संध्याकाळ

चि. भुंग्यास आशीर्वाद. आशीर्वाद मी रागाच्या हिशेबात धरत नाही.

मी गाडीला हात लावणार नाही. चाळीस वर्षं माझ्या नखांतलं काळं निघालं नाही. तुझे हात स्वच्छ राहावेत एवढंच मागत होतो. असो.

उद्या लवकर उठ आणि चालू झाली नाही तर प्लग काढून बघ. पाना सीटखाली आहे. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. ओला असेल तर पेट्रोल जास्त होतंय, ठिणगी पडत नाही. आणि नीट लिही, कविता नको.

जेवणाची हेळसांड करू नकोस.
बाबा

गुरुवार, दुपार

ती. बाबांना सा. न.

प्लग चिंब! पुसला, फुंकला, लावला, चालू झाली. दोन मिनिटं राखून पोचले.

पण ओला का? मी तुम्ही शिकवलं तसंच करते. चोक ओढायचा, चावी बंद ठेवून तीन हलक्या किक, मग चावी, मग खरी किक. संध्याकाळी एका किकमध्ये चालू होते. नाटकं फक्त सकाळी.

उत्तराची वाट बघत,
भुंगा

गुरुवार, संध्याकाळ

चि. भुंग्यास आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. चहा गार झाला.

सोमवारी तू धापा टाकताना खिडकीतून दिसलीस. मंगळवारपासून तू आंघोळीला गेलीस की मी खाली उतरतो. चोक ओढतो, तीन किक मारतो, चोक परत आत ढकलतो. तुला कळू नये, आणि गाडी पटकन चालू व्हावी. त्यावर तुझ्या तीन. सहा किकचं पेट्रोल! प्लग भिजेल नाही तर काय? गॅरेजात कोणी असं केलं असतं तर मी त्याला हाकललं असतं.

हात लावणार नाही म्हणालो, ते खोटं. ऑफिसबद्दलचं मत मात्र तेच आहे. उद्या मी खाली येणार नाही.

सांभाळून चालव.
बाबा

शुक्रवार, सकाळी सात पंचवीस

बाबा, सा. न. वगैरे संध्याकाळी.

अक्षर हलतंय, कारण कागद टाकीवर आहे आणि इंजिन चालू आहे. पहिल्याच किकला!

तुम्ही पडद्याआड उभे आहात. पडद्याच्या कडेला बोटं दिसतायत. मत बदलू नका, पण उद्यापासून त्या तीन किक तुमच्या. चौथी माझी.

जिन्यात चपला वाजल्या. येताय वाटतं. पाच दिवसांनी बोलायला येताय आणि मला थांबता येत नाही. कागद फाटकाला अडकवतेय.

निघाले.