तुझ्या खुर्चीत मी

प्रिय दगडोबा,

माझं शिक्षण पाटीपुरतं, तेव्हा अक्षर लावून वाच. फौजेतून आलास तेव्हापासून सगळे तुला जपतात, कुणी रागावत नाही. म्हणून मी रागावते. चष्मा शोधत होते, डोक्यावरच निघाला. असो. तुझी बायको माझ्याकडे आलीय आणि मी तिला परत पाठवणार नाही. इतकी मजेत आहे मी! सकाळी ती चहा देते, पेपर मोठ्याने वाचून दाखवते. तू कधी दाखवलास? मेल्या, एवढ्या गुणाच्या पोरीला म्हणालास, निघून जा. गेली. आता बस एकटा दाराकडे तोंड करून.

तुझी आई म्हणते, त्याला टाकून बोलू नका, त्याने काय काय पाहिलंय. पाहिलं असेल. मग ते मनाच्या डॉक्टरीणबाईंना सांगायचं सोडून त्यांच्या गोळ्या बेसिनमध्ये ओतल्यास, वर म्हणतोस, मला काय वेड लागलंय का! तुझे आजोबाही फौजेतून असेच परतले होते. मागून कुणी आलं की हात उगारायचे. आम्ही त्याला तापट स्वभाव म्हणायचो आणि अख्खं घर चवड्यांवर चालायचं. ते गेले तेव्हा मी खूप रडले. पण नंतर एकदा हातातून पातेलं पडलं आणि कुणी ओरडलं नाही, तेव्हा मला हुश्श झालं. नवरा गेल्यावर बाईला हुश्श व्हावं, यासारखं वाईट काही नाही रे. तुझ्या बायकोवर ती पाळी आणलीस तर याद राख.

तिची एक खोड आहे. मिक्सर लावायच्या आधी दारात येऊन सांगते, आवाज होणार हं. कपाट लोटायच्या आधीही तेच. मी अर्धी बहिरी, मला कशाला सांगतेस म्हटलं, तर जीभ चावून हसली आणि मिक्सर न लावताच मोरीत जाऊन तोंड धुऊन आली. तुझ्यासाठी शिकली होती ना. तू समोर नाहीस तरी सुटत नाही.

आता खरी गोष्ट. तिला हे पत्र माहीत नाही. डॉक्टरीणबाई दर गुरुवारी नवरा-बायकोला शेजारी बसवून बोलतं करतात, तिथे ही एकटीच जाते. परवा मी सोबत गेले. तुझी खुर्ची रिकामी, माझे गुडघे हे असे, बसले. मग उत्तरंही मीच दिली! बायकोचा राग येतो का, बाईंनी विचारलं. मी तुझ्या वतीने म्हटलं, राग नाही, माझ्याच हातांची भीती वाटते, म्हणून तिला घालवलं. ती हमसून हमसून रडली. मी बरोबर बोलले की चूक, मला काय ठाऊक? चूक असेल तर येऊन खोडून काढ. खुर्ची चांगली मऊ आहे. येत्या गुरुवारीही मीच बसणार आहे. हिंमत असेल तर ये आणि मला उठव.

तुझीच, पण सध्या तिच्या बाजूची,
आजी